कूळ एक, अवतार अनंत

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेंच गियाना नावाचा एक दमट, जंगलांनी भरलेला मुलूख आहे. तेथील कुरू गावाजवळच्या तळावरून ४ जून १९९६ रोजी सकाळी एक नवाकोरा अग्निबाण आकाशात झेपावला. ‘आरियान-५’ हे त्याचे नाव. युरोपातल्या अनेक राष्ट्रांनी वर्षानुवर्षे खपून तो उभा केला होता आणि त्याचे हे पहिलेच उड्डाण होते. त्याच्या पोटात ‘क्लस्टर’ नावाचे चार उपग्रह होते. सूर्याकडून येणारा कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो तेव्हा काय घडते, हे त्यांनी पाहायचे होते.

पहिली छत्तीस सेकंदे सारे सुरळीत चालले. सदतिसाव्या सेकंदाच्या सुमारास बाणाने एकाएकी मान मुरडली. त्या वेगात आडवे व्हायचे म्हणजे हवेच्या भिंतीवर डोके आपटण्यासारखेच! बाजूची इंजिने निखळू लागली. असा प्रसंग ओढवल्यास बाणाने स्वतःचा नाश करून घ्यावा अशी तजवीज आत केलेली होती. तेवढी मात्र चोख पार पडली. जमिनीपासून सुमारे ३७०० मीटर उंचीवर आगीचा एक लोळ उठला आणि खारफुटीच्या दलदलीत व माळरानात, सुमारे १२ चौरस किलोमीटरांच्या टापूत, तुकडे विखुरले. चार उपग्रह, आणि त्यांच्यासाठी आयुष्याची ऐन वर्षे खर्ची घातलेल्या शास्त्रज्ञांचे श्रम, चाळीस सेकंदांत संपले.

कोणी घातपात केला नव्हता. कोठला स्क्रू ढिला राहिला नव्हता. फ्रेंच गणिती जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि १९ जुलै १९९६ रोजी त्याने आपला अहवाल दिला. त्यात जे निघाले ते चटका लावणारे होते. बाणाचा घात केला तो नव्या सॉफ्टवेअरने नव्हे, तर जुन्या, वर्षानुवर्षे बिनचूक चाललेल्या, सर्वांच्या विश्वासातल्या सॉफ्टवेअरने!

प्रकार असा होता. बाणाला ‘मी कोठल्या दिशेला तोंड करून आहे आणि किती वेगाने चाललो आहे’ हे सांगणारे एक यंत्र असते. आरियान-५ वर बसवलेले हे यंत्र जवळजवळ जसेच्या तसे त्याच्या थोरल्या भावाचे, म्हणजे आरियान-४ चे होते. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये एक लहानसे काम होते: उड्डाणापूर्वी यंत्राची पातळी जुळवून घेण्याचे. बाण उडाला की या कामाचे प्रयोजन संपते. मग ते उड्डाणानंतरही चाळीसएक सेकंद चालूच का ठेवले होते? त्याला आरियान-४ च्या घरात एक सबळ कारण होते. उलटी मोजणी अगदी शेवटच्या सेकंदांत थांबवावी लागली, तर पातळी पुन्हा पहिल्यापासून जुळवायला पाऊण तास किंवा त्याहून अधिक लागे; तेवढ्यात उड्डाणाची वेळ टळून जाई. म्हणून ते काम जरा पुढेपर्यंत चालू ठेवायचे, की लगेच मोजणी सुरू करता येते. या सोयीचा प्रत्यक्ष उपयोग एकदाच, १९८९ साली झाला होता.

आरियान-५ ची तयारीची रीत निराळी होती. तेथे या सोयीची गरजच नव्हती. तरी ती राहिली. का? तर दोन्ही बाणांचे सॉफ्टवेअर सारखे असावे म्हणून, आणि जे चांगले चालले आहे त्याला उगाच हात कशाला लावा, म्हणून. आपल्याकडे जुन्या वाड्यातला बंद पडलेला आड बुजवायला कोणी धजत नाही, तसेच हे.

आता आरियान-५ हा धाकटा असला तरी दांडगा. तो सुरुवातीपासूनच आडव्या दिशेने थोरल्यापेक्षा पुष्कळ अधिक वेग घेत असे. त्या वेगाशी बांधलेला एक आकडा १६ बिटांच्या चौकटीत बसवायचा होता, आणि अशा चौकटीत ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. आरियान-४ च्या साऱ्या आयुष्यात तो आकडा कधी एवढा फुगला नाही. आरियान-५ वर मात्र तो सदतिसाव्या सेकंदाला चौकटीबाहेर गेला आणि यंत्र बंद पडले. जोडीला राखीव यंत्र होते; पण त्यात तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे ते त्याच रोगाने सेकंदाच्या एका बारीक अंशापूर्वीच गतप्राण झालेले होते. मरता मरता यंत्राने आपल्या बिघाडाची जी नोंद पाठवली ती मुख्य संगणकाने खरी दिशा समजून वाचली आणि इंजिनांची तोंडे गर्रकन फिरवली. आणखी काही सेकंद निभावली असती तर ते निरुपयोगी काम ठरल्याप्रमाणे आपोआप थांबणार होते!

हे वाचून युरोपातल्या इंजिनियरांना हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. त्याच १९९६ साली मी पुण्यातल्या एका लहानशा कचेरीत पतसंस्थांचे हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर लिहीत होतो. पहिल्या पतसंस्थेसाठी ते फॉक्सप्रोमध्ये घाम गाळून लिहिले. दुसरी पतसंस्था आली. तिला पिग्मी एजंटांचे कमिशन निराळ्या रीतीने हवे होते. मी फ्लॉपीवर नक्कल काढली आणि तेवढा भाग बदलून दिला. तिसरीला कर्जावरचे व्याज उतरत्या शिलकीवर हवे होते. पुन्हा नक्कल, पुन्हा बदल. असे करता करता एकाच आईची सतरा लेकरे सतरा गावी नांदू लागली, आणि कोणाचे नाक कोणासारखे हे आईलाही आठवेना.

त्या साली फेब्रुवारीचे दिवस २९ होते. एका पतसंस्थेतल्या जुन्या कारकुनाच्या ध्यानात आले, की मुदत ठेवींवर एका दिवसाचे व्याज कमी पडते आहे. मी तेथे जाऊन चूक दुरुस्त केली आणि बाकीच्या सोळा ठिकाणी करायची म्हणून एक चिठ्ठी लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवली. चिठ्ठीचे पुढे काय झाले हे सांगायला नको. चार वर्षांनी, २००० च्या मार्चमध्ये, दुसऱ्याच एका गावच्या पतसंस्थेत एक निवृत्त गृहस्थ पासबुक घेऊन उभे राहिले. रक्कम किरकोळ होती. पण गृहस्थ गणिताचे शिक्षक होते! ते एवढेच म्हणाले, “मागल्या खेपेलाही तुम्ही माझा एक दिवस कापला होतात. तेव्हा मी बोललो नाही.”

मी सतरांच्या सतरा ठिकाणी एकदम दुरुस्ती पाठवायला निघालो, तो एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मला फोनवर अडवले. “अहो साहेब, आमच्याकडे वर्ष ३६५ दिवसांचेच धरायचे असा ठराव आहे. आमचे गणित बिघडवू नका!” म्हणजे सोळा ठिकाणी जी चूक होती ती सतराव्या ठिकाणी मुद्दाम ठेवलेला फरक होता. आणि हे ओळखण्याची एकही खूण माझ्या हजारो ओळींत कोठे नव्हती. कोणता फरक हेतूने केलेला आणि कोणता हयगयीने राहिलेला, हे विचारण्यासाठी मी महिनाभर एस. टी. ने गावोगाव हिंडलो.

ज्या दुखण्याने मी एस. टी. चे धक्के खात होतो त्याच्यावर शहाण्या मंडळींनी फार पूर्वीच विचार केलेला होता. माझ्यापर्यंत तो पोचला नव्हता, इतकेच. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी, सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यात बनल्यासारखे बनवावेत आणि गरजेप्रमाणे निवडून जोडावेत, असा विचार मांडला. १९७६ साली डेव्हिड पारनास यांनी त्याहून खोल पाणी दाखवले. ते म्हणाले, की काही प्रोग्रॅम एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात, की प्रत्येकाचा वेगळा अभ्यास करण्याऐवजी आधी साऱ्यांत सारखे काय ते पाहावे आणि मग एकेकाचे वेगळेपण पाहावे. अशा प्रोग्रॅमांना एक कुटुंब समजावे. म्हणजे पहिला प्रोग्रॅम पूर्ण करून त्याच्या नकला काढायच्या नाहीत, तर पहिल्याच दिवशी ‘माझी लेकरे कोठकोठल्या बाबतीत निराळी निघतील?’ हा प्रश्न टाकायचा. या रीतीला आज ‘सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन’ म्हणतात.

ही केवळ पंडितांची कल्पना राहिली नाही. स्वीडनच्या सेल्सियसटेक या कंपनीकडे १९८५ च्या सुमारास दोन आरमारांच्या, एक स्वीडनच्या आणि एक डेन्मार्कच्या, जहाजांसाठी नियंत्रणाची सॉफ्टवेअर एकाच वेळी बनवण्याची पाळी आली. दोन्ही वेगवेगळी करायला हाताशी माणसेच पुरेनात. तेव्हा अडला हरी म्हणून त्यांनी दोन्हींचे मिळून एक कुटुंब उभे केले. पूर्वी जहाजावरच्या यंत्रणेच्या खर्चात सॉफ्टवेअरचा वाटा शेकडा ६५ असे, तो पुढे शेकडा २० वर आला. विद्वत्तेने जे पटत नाही ते निकडीने पटते.

पण कुटुंब उभे करायचे तर वंशावळ हवी. ती कशी लिहावी याचा सुबोध नमुना १९९० साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनियरिंग इन्स्टिट्यूटमधून निघाला. क्यो कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला होता. त्याला ‘फीचर मॉडेल’ म्हणतात. आपण गुणविशेषांचे झाड म्हणू. मूळ वर आणि फांद्या खाली, असे हे गीतेतल्या अश्वत्थासारखे उलटे झाड असते. त्यांनी उदाहरण घेतले ते साध्या मोटारगाडीचे. गाडीला गिअर हवाच. पण तो हाताने बदलायचा किंवा आपोआप बदलणारा, दोहोंपैकी एकच. अश्वशक्ती किती ती ठरलीच पाहिजे. वातानुकूल यंत्र मात्र ऐच्छिक. हवे तर घ्या, नको तर सोडा. पुढे दुसऱ्यांनी ‘यांतले निदान एक तरी हवे’ असा एक सांधा त्यात भर घालून दिला. सक्तीचे, ऐच्छिक, एकच, निदान एक, एवढ्या चार सांध्यांवर हे झाड उभे राहते.

झाडाच्या शेजारी दोन ओळी वेगळ्या लिहिलेल्या होत्या आणि माझ्या मते सारे मर्म त्यांत आहे. पहिली ओळ पथ्याची: वातानुकूल यंत्र घ्यायचे तर अश्वशक्ती १०० च्या वर हवी. दोन निरनिराळ्या फांद्यांवरची पाने एकमेकांशी अशी बांधलेली असतात. हे घेतले तर तेही घेतलेच पाहिजे, किंवा हे घेतले तर ते चालायचे नाही. दुसरी ओळ कारणाची: हाताने गिअर बदलणाऱ्या गाडीला इंधन कमी लागते. कोणी काय निवडावे एवढेच नव्हे, तर का निवडावे तेही झाडापाशीच लिहून ठेवायचे, असा त्या मंडळींचा बेत होता. पहिली ओळ जगाने उचलली, तिच्यावर शेकड्यांनी प्रबंध झाले. दुसरी ओळ बिचारी बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

पहिलीवर एवढे प्रबंध का झाले ते साध्या गणिताने कळते. दर ऐच्छिक गुणाला दोन वाटा: आहे किंवा नाही. असे १० गुण असले तर १,०२४ वेगवेगळी उत्पादने संभवतात. २० असले तर दहा लाखांच्या वर. आणि ३३ असले की आकडा ८५९ कोटींच्या घरात जातो. म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या पोरासकट, स्वतःचे वेगळे सॉफ्टवेअर देता येईल आणि तरी काही उरतील! यांतले प्रत्येक चालवून पाहीन म्हणणाऱ्याला सात जन्म पुरणार नाहीत. म्हणून मग झाडच तपासायचे. टेक्सास विद्यापीठातल्या डॉन बॅटोरी यांनी २००५ साली दाखवून दिले, की असे सबंध झाड त्याच्या पथ्यांसकट तर्कशास्त्राच्या एका लांबलचक विधानात मांडता येते आणि मग ते विधान संगणकाकडूनच सोडवून घेता येते. या झाडातून एक तरी सुसंगत उत्पादन निघते का? एखादे पान असे आहे का, की जे पथ्यांच्या जाळ्यात अडकल्यामुळे कधी कोणालाच निवडता येणार नाही? हजारो गुणांच्या झाडांबद्दलही अशा प्रश्नांची उत्तरे संगणक सहसा झटकन देतो.

असले विराट झाड पाहायचे असेल तर ते बहुधा आत्ता वाचकांच्या खिशात आहे. फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सचा गाभा आज अँड्रॉइड फोनांत चालतो, आणि तोच गाभा जगातल्या बलाढ्य महासंगणकांतही चालतो. गाभा एक, पण अवतार किती! ही किमया ज्या यादीमुळे साधते ती यादी २००२ पासून ‘केकॉन्फिग’ नावाच्या भाषेत लिहिली जाते. २०११ सालीच तिच्यात दहा हजारांहून अधिक गुणविशेष होते. पुष्कळशा गुणांपाशी ‘होय’, ‘नाही’ आणि ‘लागेल तेव्हा जोडू’ अशी तीन उत्तरे चालतात. नवशिक्यासाठी शेजारी चार ओळींची माहिती असते, आणि तिच्याखाली अनेक ठिकाणी मायेचा सल्ला असतो, की खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा.

पण एवढ्या मोठ्या घरातही उंदीर लागतातच. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी २०११ साली यादी आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर संगणकाकरवी ताडून पाहिले. जुळत नसलेल्या १,७७६ जागा निघाल्या. कोठे यादीत नसलेल्या गुणाची वाट पाहत बसलेल्या ओळी, कोठे कधीच जागे न होणारे मृत भाग. त्यांतली एक गंमत ऐकण्याजोगी आहे. यादीतल्या एका गुणाचे नाव ‘हॉटप्लग सीपीयू’. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने एके ठिकाणी लिहिले ‘सीपीयू हॉटप्लग’. शब्द तेच, फक्त क्रम उलटा! पण संगणकाला गोपाळ विनायक आणि विनायक गोपाळ हे दोन वेगळे इसम. त्यामुळे वापरून झालेली स्मृतीची जागा मोकळी करणारा तो भाग कोणाच्याच यंत्रात कधी समाविष्ट झाला नाही, आणि कोणतीही तक्रारही उमटली नाही, कारण नसलेला गुण म्हणजे न निवडलेला गुण. या मंडळींनी १२३ दुरुस्त्या पाठवल्या. त्यांतून २० अगदी नव्या चुका उजेडात आल्याचे लिनक्सवाल्यांनी मान्य केले.

दुसरा एक दोष तर भाषेतच आहे. एक गुण निवडला की तो दुसऱ्याला परस्पर ओढून आणू शकतो, त्या दुसऱ्याची स्वतःची पथ्ये न विचारता. पंगतीला एकाला बोलवावे, त्याने आणखी चौघांना घेऊन यावे आणि त्यांच्यात कोण आजारी, कोण उपवासाचा याची चौकशी कोणीच करू नये, तसे. जपून वापरा असा इशारा लिनक्सच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. सोयीपुढे इशारा कोण ऐकतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असले झाड असते तर आरियान-५ वाचला असता का? मला वाटते, नुसत्या झाडाने नाही. ‘उड्डाणानंतरही पातळी जुळवणे’ हे पान झाडावर दिसले असते, आणि ‘दोन्ही बाणांना सारखेच’ म्हणून कोणी त्यावर खूणही केली असती. तर्कशास्त्राने त्याला हरकत घेतली नसती, कारण त्याच्यापाशी पथ्यच लिहिलेले नव्हते. चौकशीत असे आढळले, की सात आकड्यांबाबत चौकटीबाहेर जाण्याचा धोका आधीच ओळखला गेला होता. संगणकावरचा भार शेकडा ८० च्या आत राहावा म्हणून त्यांतल्या चारांनाच संरक्षण दिले आणि तीन उघडे ठेवले. हा निर्णय आपापसात विचार करून घेतलेला होता. पण त्याचे समर्थन सॉफ्टवेअरमध्ये कोठेही लिहिलेले सापडले नाही. ते कागदपत्रांच्या ढिगाऱ्याखाली गेले होते. ‘हा आकडा लहानच राहील, कारण आरियान-४ चा आडवा वेग बेताचा आहे’ एवढे एक वाक्य त्या पानाशी टाचलेले असते, तर आरियान-५ चा वेग ठाऊक असलेला कोणीही अनुभवी माणूस तेथे थबकला असता. थबकलाच असता असे छातीठोकपणे सांगवत नाही. मीही चिठ्ठी खिशात ठेवणाऱ्यांपैकीच.

क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा नव्याने बांधले गेले. पहिला सुट्या भागांतून उभा केला, त्याला ‘फिनिक्स’ म्हणत. २००० च्या उन्हाळ्यात रशियाच्या सोयुझ अग्निबाणांनी बैकोनूरहून ते दोन-दोन करून वर नेले आणि पुढे दोन तपांच्या वर त्यांनी काम केले.

गेल्या महिन्यात मी माझ्या भाचीच्या कचेरीत गेलो होतो. ती पुण्यातच मोटारींचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने मोठ्या कौतुकाने पडद्यावर आपले झाड उलगडून दाखवले: डाव्या हाताची गाडी, उजव्या हाताची गाडी, थंड देशांतली, उष्ण देशांतली, तऱ्हेतऱ्हेचे ब्रेक. एका पथ्यावर बोट ठेवून मी विचारले, “हे दोन एकत्र का चालत नाहीत ग?” तिने त्यावर टिचकी मारली. एक चौकोन उघडला. त्यात ‘कारण’ असा मथळा होता आणि खाली कोरे होते.

“मामा, हे ज्यांनी लिहिलं ते सर आता स्टुटगार्टला असतात.”

“मग त्यांना आजच्या आज विचार.”

“दिवाळीनंतर विचारते,” ती म्हणाली आणि तिने तो चौकोन मिटला.